एका दमाचं अंतर

वाघखारात टीव्हीवर सामना सुरू झाला की सगळी आळी कुणाच्या ना कुणाच्या घरात शिरते आणि एकटा दिनानाथ मोकल घराबाहेर पडतो. क्रिकेट असो की कबड्डी, त्याला आत थारा नाही. बरं, माणूस खेळाला नाक मुरडणारा म्हणावा तर तसंही नाही. अंगापिंडानं चांगला दणकट, उरणच्या बंदरातून कंटेनर उचलणारा स्वतःचा ट्रेलर चालवतो, आणि तरुणपणी वाघखारच्या संघाचा डावा कोपरा राखायचा. समोरचा चढाईला आला की हा खाली वाकून त्याच्या घोट्यावर झडप घालायचा. एकदा दिनानाथच्या हाती सापडलेला घोटा सुटला, असं पेणपासून रेवसपर्यंत कुणी सांगत नाही. असा माणूस टीव्हीला मात्र पाठ दाखवतो, आणि ह्याला कारण त्याची आत्या.

ठमीआत्या ही दिनानाथच्या बापाची बहीण. ऐन उमेदीत नवरा गेला, माहेरी आली, मिठागरावर राबली, आणि आळीतला पहिला टीव्ही आणला तो तिनंच. तेव्हा अँटेना बांबूला बांधून परसात उभी केलेली असायची. खाडीवरून येणारं खारं वारं लोखंडाच्या दाराला दाद देत नाही, तिथं त्या पातळ काड्यांची काय कथा. वारा सुटला की बांबू फिरायचा, चित्रात मुंग्या यायच्या, आणि मग कुणीतरी परसात जाऊन तो बांबू मुंबईच्या दिशेला धरून उभं राहायचं. दिनानाथ सगळ्यांत उंच, म्हणून हे काम त्याच्याकडे आलं.

एकदा क्रिकेटचा मोठा सामना होता. धरून धरून हात भरून आले तसा दिनानाथ घटकाभर आत आला, आणि आपली विकेट पडली. तो परत परसात गेला तर लगेच चौकार. थोड्या वेळानं पाणी प्यायला आत आला, दुसरी विकेट. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली म्हणायची, पण खोलीत तेव्हा कुणाला असलं शहाणपण सुचतंय? ठमीआत्यानं मशेरीचं बोट तोंडातून काढलं आणि निकाल देऊन टाकला.

"दिन्या, तू आत आलास का इकेट पडते. तू भायेरच ऱ्हा."

लोक हसले, पण त्या दिवशी सामना जिंकला आणि हसण्यावारी नेलेली गोष्ट रीत होऊन बसली. पुढच्या सामन्याला दिनानाथ दाराशी दिसला की पोरंसोरंसुद्धा त्याला परसाची वाट दाखवायला लागली. त्यालाही त्यात मान वाटू लागला. आपण बाहेर उभे आहोत म्हणून देश जिंकतो आहे, हे काही लहान काम नाही.

वर्षं गेली. कौलं उतरून स्लॅब पडला, परसातला बांबू चुलीत गेला, काड्यांच्या अँटेनेवर चित्र यायचंच बंद झालं आणि गच्चीवर डिशची फुकटवाली छत्री बसली. छत्री एकदा बोल्ट आवळून बसवली की तिला धरायला कुणी लागत नाही. पण दिनानाथ गच्चीवर जातो तो जातोच, आणि छत्रीच्या दांड्याला हात लावून उभा राहतो. बायको गुलाब म्हणते की घरात दोन छत्र्या आहेत, एक बोलते आणि एक नुसती उभी राहते. एवढ्या वर्षांत दिनानाथला खालच्या आवाजावरून खेळ कळायला लागला होता. विकेट गेल्याचा आवाज वेगळा, झेल सुटल्याचा वेगळा, आणि पंचानं गाढवपणा केल्याचा आणखी वेगळा. तो आवाज ऐकून त्याच्या मनात चित्र तयार व्हायचं आणि त्यावर त्याचं भागत होतं.

मग त्याची मुलगी अमिषा, घरच्यांची आमी, कबड्डी खेळायला लागली, आणि भागेनासं झालं.

अमिषा चढाईला जायची. पोरगी हडकुळी, पण पायात वारं भरलेलं. गावोगावच्या जत्रांत, देवळापुढच्या मातीत सामने व्हायचे आणि दिनानाथ पाण्याच्या टाकीमागं मैदानाकडे पाठ करून उभा असायचा. लाउडस्पीकरवर जे काय सांगतील ते ऐकायचं, टाळ्या झाल्या की हात जोडायचे. तालुक्याच्या सामन्यात एकदा त्याच्यानं राहवलं नाही. टाकीच्या कडेनं त्यानं नुसती मान काढली. अमिषा त्याच क्षणी चौघींच्या खाली गेली आणि खांद्याजवळचं हाड मोडून वर आली. ट्रेलर चालवणारा माणूस तो, पुढं लिंबू-मिरची आणि मागं काळी चप्पल लटकवल्याशिवाय गाडी बाहेर काढत नाही. पोरीचं प्लास्टर उतरेपर्यंत तो तिच्या तोंडाकडेही नीट बघत नव्हता. त्यानंतर कुणी काही म्हणायची गरजच उरली नाही.

पोरीला ह्याचं काय वाटायचं ते ती फारसं बोलायची नाही. फक्त सामना संपल्यावर घरी येऊन विचारायची, की पप्पा, आज काय बघितलंत? दिनानाथ सांगायचा ते सगळं लोकांकडून ऐकलेलं असायचं. तिला ते कळायचं आणि तिला कळतंय हे त्यालाही कळायचं. ती पुढं जिल्ह्याच्या संघात गेली, मग मुंबईला राहून राज्याच्या संघात गेली, आणि बापानं तिची एकही अख्खी चढाई डोळ्यांनी पाहिली नव्हती.

इथपर्यंतची गोष्ट वाघखारात कुणालाही विचारा, तो सांगेल. पुढची सुरू झाली ती हितेशमुळे.

हितेश हा दिनानाथच्या चुलतभावाचा मुलगा, शेजारीच राहतो, बंदरावरच्या कंपनीत कामाला आहे. त्यानं भिंतीएवढा टीव्ही आणला, वायफाय घेतलं, छत्री काढून भंगारवाल्याला दिली आणि आळीभर उपदेश करत सुटला. छत्रीवर पाऊस आला की चित्र जातं, कावळा बसला की चित्र जातं. ॲपवर बघा, खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसतो. ठमीआत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की हे फुकट आहे का. हितेशनं विषय बदलला.

मग कबड्डीचा हंगाम आला आणि हितेशची पंचाईत झाली. दोन्ही घरांत तोच सामना लागलेला. पण हितेशच्या भिंतीवर चढाईवाला अजून मध्यरेषेशी मांडी थोपटत असायचा, तेवढ्यात शेजारून ठमीआत्याच्या कंपूची "पकडला रे" अशी आरोळी उठायची. हितेशच्या तोंडातला घास तोंडात राहायचा. गाठीचे पैसे घालून आणलेली उत्कंठा फुकटवाले शेजारी कुंपणापलीकडून फोडून टाकत होते. एक दिवस तो तरातरा आला आणि आत्याला म्हणाला की जरा हळू ओरडत जा. आत्या म्हणाली की तुझा टीव्ही अंगानं मोठा आहे, त्याला उठून बसायलाच वेळ लागत असेल.

ह्या भांडणातलं खरं मर्म कळलं ते मात्र गच्चीवर उभ्या दिनानाथला. त्याच्या कानांवर एकच सामना दोनदा येत होता. आधी पायाखालून आरोळी यायची, आणि मग, बऱ्यापैकी वेळानं, हितेशच्या खिडकीतून. दरवेळी तसंच, आणि दरवेळी साधारण तेवढंच अंतर. दिनानाथला कुतूहल वाटू लागलं. हे अंतर मोजायचं कशानं? घड्याळ बघायचं त्याच्या डोक्यात आलंच नाही. खालून आरोळी आली की तो भरून श्वास घ्यायचा आणि "कबड्डी, कबड्डी, कबड्डी" असा पुटपुटत दम धरायचा. त्याचा दम संपता संपता हितेशकडून आवाज यायचा. म्हणजे ॲप छत्रीच्या मागं एक दम होतं. शेजारणींनी गुलाबला येऊन विचारलं की दिनाभाऊ गच्चीवर एकटेच काय जप करतात, बरे आहेत ना?

पण एका उत्तरानं त्याचं समाधान होईना. त्यानं हितेशला गाठलं. तोच सामना, तीच वेळ, मग मधल्या दमभर वेळात तो खेळ असतो कुठं? हितेशनं सांगितलं की मैदानातून चित्र निघतं, कुठल्या कुठल्या यंत्रांतून जातं, त्याचे तुकडे पडतात, परत जुळतात, मग आपल्या घरी येतं. दिनानाथला ते आपल्या परीनं लगेच पटलं. बंदरातून निघालेला माल एका रस्त्यानं सुसाट येतो आणि दुसऱ्या रस्त्यावर वजनकाटा, नाका, तपासणी करत येतो. माल तोच. त्यावर त्यानं विचारलं की मग छत्रीवर येतं ते तरी अगदी आत्ताचं का? तर हितेश म्हणाला की नाही काका, तेही वर आभाळात जाऊन येतं, थोडं मागंच असतं. दिनानाथ दोन दिवस ट्रेलर चालवताना ह्याच विचारात होता. म्हणजे 'आत्ता' असं काही असतं ते फक्त मैदानात बसलेल्यांच्याच नशिबी.

आणि मग उरणच्या रस्त्यावर, सिग्नलला गाडी उभी असताना, त्याच्या डोक्यात तो विचार आला. आपली नजर वाईट. मान्य. पण जे होऊन गेलंय त्याला नजर कशी लागणार? खालून आनंदाची आरोळी आली म्हणजे पोरगी गुण घेऊन परत आलेली आहे. त्यानंतर दमभरानं फोनवर बघितलं तर तिचं काय वाकडं होणार? मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या आणि हा स्टिअरिंगवर हात ठेवून हसत बसला होता.

त्यानं हितेशकडून फोनमध्ये ॲप घालून घेतलं. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, हवामान बघायला.

त्या वर्षी राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा तिकडं उत्तरेत होती आणि महाराष्ट्राच्या संघात अमिषा होती. सामने छत्रीवर सरकारी वाहिनी दाखवत होती आणि ॲपवरही होते. पहिल्या सामन्याला दिनानाथ नेहमीसारखा वर गेला. छत्रीला पाठ टेकून बसला, फोन गुडघ्यावर उभा केला आणि त्यावर रुमाल टाकला. खालून आरोळी आली, चांगली घसघशीत. त्यानं रुमाल काढला. छोट्याशा काचेत त्याची पोर मध्यरेषा ओलांडून चालली होती. चवड्यांवर, अगदी हलकी, खांदा थोडा पाडून. समोरच्या दोघी पुढं सरल्या तशी ती डावीकडे गेल्यासारखी झाली आणि उजवीकडून हात लावून निघूनही आली. सगळा मिळून दमभराचा खेळ. दिनानाथच्या डोळ्यांतून पाणी आलं. एवढी वर्षं आपण टाकीमागं उभं राहून काय काय घालवलं, ते त्याला त्या एका चढाईत दिसलं, आणि तरी तो इतका खूश होता की छत्रीला मिठी मारायची तेवढी बाकी राहिली.

एक मात्र त्यानं पथ्य पाळलं. खालून वाईट आवाज आला की फोन पालथा घालायचा. अमिषा पकडली गेली, बाहेर गेली, हे तो बघायचाच नाही. तशानं त्याच्या फोनमध्ये अमिषा कधी पडतच नव्हती. ती जायची आणि गुण घेऊन परत यायची.

उपांत्य सामना महाराष्ट्रानं जिंकला आणि संध्याकाळी अमिषाचा फोन आला. नेहमीचा प्रश्न तिनं सवयीनं विचारला, की पप्पा, काय बघितलंत? आणि दिनानाथनं सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या डावातली ती चढाई, त्यात तू डावा पाय मागं ओढून बोनस घेतलास आणि वळताना उजव्या कोपऱ्यातल्या पोरीच्या पाठीला बोट लावलंस. मग तिनं जपून विचारलं की पप्पा, हे तुम्हाला कुणी सांगितलं. दिनानाथ छाती फुगवून म्हणाला की कुणी नाही, मी डोळ्यांनी बघितलं, आणि आपली सगळी युक्ती तिला उलगडून सांगितली. छत्री, ॲप, आरोळी, रुमाल, पालथा फोन, सगळं.

त्याला वाटलं होतं पोर हसेल. ती हसली नाही.

"म्हंजे तुमी माजं शिलं बगता, पप्पा," ती म्हणाली. "झालेलं, आनि चांगलं झालेलं तेवडंच. उद्या फायनल हाय. उद्या ताजं बगा. हारली तरी बगा. मना वाटू दे का तुमी बगत हाव."

दिनानाथ "बगू" म्हणाला. बाप लोक असं म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ काय होतो ते मुलांना लहानपणापासून माहीत असतं. अमिषानं जेवलात का विचारलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दिनानाथनं गाडी काढली नाही. सकाळपासून तो घरात एक वस्तू उचलून दुसरीकडे ठेवत होता. जावं खाली, बसावं, बघावं, एवढं साधं. पण अंतिम सामना आहे, आणि आपण बघितलं आणि पुन्हा ते हाड मोडलं तर? पोरीचं मन मोडलेलं परवडलं की हाड? दुपारपर्यंत हे कोडं त्याला सुटलं नाही. चहाच्या वेळेला आळी जमायला लागली. हितेशही भिंतीएवढा टीव्ही सोडून इकडे येऊन बसला, कारण आज त्याला शिळं नको होतं. दिनानाथनं सगळ्यांकडे एकदा बघितलं, चप्पल घातली आणि तो जिना चढून गेला. गुलाबनं त्याच्या पाठीकडे बघितलं. स्वतःची लाज वाटणं म्हणजे काय ते दिनानाथला त्या जिन्यात कळलं.

सामना अटीतटीचा झाला. पहिल्या डावात खालून चांगल्या आरोळ्या आल्या आणि दिनानाथनं रुमाल काढून काढून पोरीला बघितलं. दुसऱ्या डावात यजमान संघानं गुण वसूल करायला सुरुवात केली. फोन दोनदा पालथा झाला. मग थोडा वेळ खाली सगळं शांत होतं, आणि एकदम आवाज आला. आरोळी नव्हे. सगळ्यांच्या तोंडून एकदम हवा निघून जावी तसा "आई गं" असा आवाज, आणि त्यात गुलाबचा आवाज वेगळा ओळखू येत होता.

दिनानाथनं सवयीनं फोनला हात घातला. पण वाईट आवाजानंतर खाली नेहमी बडबड सुरू होते, पंचाचा उद्धार होतो, आत्या कुणाला तरी शिव्या देते. आज काहीच होईना. त्याचा हात फोनवरच राहिला. आणि काचेत अमिषा अजून उभी होती. ती आत्ता कुठं मध्यरेषेपाशी येत होती. तिनं वेणी मागं टाकली, मांडीवर थाप मारली, मागच्या मुलीकडे बघून हसली आणि समोरच्या अंगणात पाऊल टाकलं. ती हसत हसत चालली होती तिथं पुढं काय आहे ते तिला माहीत नव्हतं. ते गच्चीवर बसलेल्या तिच्या बापाला माहीत होतं.

"माघारी फिर," तो फोनला म्हणाला. "आमी, माघारी फिर."

ती ऐकणार कशी. तिकडं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. ती आत्ता ह्या क्षणाला कुठल्यातरी मैदानावर पडलेली होती, आणि आपण इथं बसून तिला उभी बघतो आहोत. आपण जिथं असायला हवं तिथून आपण दमभर मागं आहोत, हे दिनानाथला इतकं लख्ख दिसलं की त्याला बसवेना. ते पडणं काचेत येईपर्यंत तो थांबलाच नाही. फोन छत्रीखाली तसाच टाकला आणि तो अनवाणी जिना उतरला.

तो दारात उभा राहिला तेव्हा सगळ्यांनी वळून बघितलं. टीव्हीवर मुली घोळका करून उभ्या होत्या आणि मधे जमिनीवर अमिषा गुडघा धरून पडली होती. कुणीतरी मागून दबक्या आवाजात म्हणालं की दिनाभाऊ, तुम्ही वर जा. गुलाबनं तोंडाला पदर लावला होता. ठमीआत्या खुर्चीत बसली होती, तिनं दिनानाथकडे बघितलं आणि आपल्या बाजूचं स्टूल पायानं पुढं सरकवलं.

"बस," ती म्हणाली.

दिनानाथ बसला आणि डोळे उघडे ठेवले. टीव्हीवाल्यांनी ते पुन्हा दाखवलं. डाव्या कोपऱ्यातली मुलगी खाली वाकली होती, अमिषानं पाऊल टाकलं आणि तिनं घोटा उचलला. पकड अशी सुरेख की दुसरं कुणी असतं तर दिनानाथनं टाळी वाजवली असती. मग चित्र परत मैदानावर आलं. घोळका विरळ झाला. अमिषानं पाय सरळ करून बघितला, मग वाकवून बघितला, आणि ती उठली. गुडघ्याचा पट्टा वर ओढला, हातांना लागलेलं झटकलं, आणि लंगडत बाहेर जाता जाता ती त्या पकड करणाऱ्या मुलीपाशी थांबली. तिला काहीतरी म्हणाली, तिच्या हातावर हात मारला आणि हसली. मग बाहेर जाऊन आपल्या मुलींना ओरडून ओरडून जागा सांगू लागली.

दिनानाथ बघत राहिला. ही पोरगी त्याला नवीन होती. पडल्यावर ती अशी उठते, हे वाघखारातल्या शेंबड्या पोराला माहीत होतं आणि तिच्या बापाला माहीत नव्हतं. त्यानं काय वाचवलं होतं एवढी वर्षं, कुणास ठाऊक.

थोड्या वेळानं अमिषा परत आत आली, चढाईला गेली आणि एक गुण घेऊन आली. खोलीतले सगळे टीव्ही सोडून दिनानाथकडे बघू लागले. पुढच्या चढाईत आणखी एक. आता तर कुणी त्याला हलू देईना. त्याला तहान लागली होती, पण आत्यानं सक्त ताकीद दिली की जागेवरून उठायचं नाही, आणि हितेशनं पाण्याचा तांब्या आणून त्याच्या तोंडाशी धरला. एक खूळ जाऊन दुसरं आलं. दिनानाथ राजासारखा स्टुलावर बसून होता आणि घामानं भिजला होता.

एवढं करून महाराष्ट्र हरला. थोडक्यात, पण हरला. तेवढ्यात जिन्यातून आवाज आला. वर छत्रीखाली टाकलेला फोन अजून चालू होता आणि त्यातला समालोचक गळा फाडून सांगत होता की सामना अजून कुणाचाही होऊ शकतो.

हितेश तो फोन आणायला उठला इतक्यात गुलाबचा फोन वाजला. तिनं आवाज मोठा केला आणि फोन दिनानाथच्या हातात दिला.

"हारलो, पप्पा," अमिषा म्हणाली. आवाज बसला होता.

"बगलं मी."

पलीकडे गर्दीचा गोंगाट होता. "गच्चीवरशी?"

"न्हाय. खाली. आतेच्या बाजूला बसून."

"कवापासून?"

"तू पडलीस तवापासून."

ती हळूच म्हणाली, "म्हंजे पडली तवा तुमी वर होताव."

खोलीत सगळ्यांनी ते ऐकलं. दिनानाथला हे सुचलंच नव्हतं. तो वर होता, पाठ छत्रीला होती, नजर शिळ्या चित्रावर होती, आणि तरी पोरगी पडली होती. तो खाली येऊन बसला आणि मग ती उठली होती. ठमीआत्या हातातल्या मशेरीच्या डबीकडे बघत राहिली. मग ती स्वतःशीच पुटपुटली, की मग ह्या पोराला मी इतकी वर्सं उगाच भायेर उभा केला. ती रडेल असं वाटलं, पण ती रडली नाही. तिनं दिनानाथच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

दिनानाथच्या डोक्यात मात्र दुसरंच घोळत होतं. उभा जन्म त्याला खेळात काय झालं ते लोकांनी सांगितलं होतं. आज पहिल्यांदा त्याच्याजवळ विचारायला स्वतःचा प्रश्न होता.

"आमी, तुजा घोटा धरला त्या पोरीला तू जाताना काय बोललीस? हसलीस ती कशाला?"

फोनमध्ये नुसता मैदानावरचा गलका ऐकू येत होता आणि मग तिचा श्वास ऐकू आला, रडू आवरताना येतो तसा.

"ते बगितलंत तुमी?" ती म्हणाली. "तिला बोलली, माजे पप्पा पन अशीच पकड करायचे. मी कदी बगली न्हाय, लोक सांगतात."